रिकामी भांडी

नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडे माळावर एक गाव होतं. गावकुसाबाहेर ख्रिस्ती लोकांचा तीसेक घरांचा वाडा होता. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला काम सुरू केलं आणि पुढे कधीतरी या घरांच्या आज्यापणज्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाड्याच्या टोकाला दगडी भिंतींचं, वर पत्रे घातलेलं लहानसं देऊळ होतं. खेड्यातले आमचे लोक चर्चला देऊळच म्हणतात. दारातल्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तीच घंटा.

ती घंटा वाजवायचं आणि देऊळ झाडायचं काम एक म्हातारी करत असे. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. एकुलता एक लेक मुंबईला गेला. पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली, मग तीही थांबली. म्हातारीला अक्षरओळख नव्हती. पण रविवार कधी चुकला नव्हता, त्यामुळे शास्त्रातली माणसं तिला शेजारपाजारच्या घरांतल्या माणसांसारखी ठाऊक होती.

रोज पहाटे झाडून झालं की ती वेदीसमोर गुडघे टेकायची आणि एकच प्रार्थना करायची. "बापा, आजचा एक हंडा मिळू दे. जास्ती मागत न्हाई. आमेन."

ते 1972 साल होतं. पावसाने सलग तोंड फिरवलं होतं. जोंधळा वीतभर वाढून करपला. गुरं बाजारात नेली तरी कोणी विचारीना. सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली होती. कुठे पाझर तलाव, कुठे रस्ता, कुठे नुसती खडी. बायामाणसं सकाळी उठून खडी फोडायला जात, दुपारी सुकडीची मूठ खात आणि संध्याकाळी रेशनच्या लाल मिलोची भाकरी थापत. मिलोची भाकरी पाण्याशिवाय घशाखाली उतरत नसे, आणि पाणीच नव्हतं.

वाड्याचा आड डिसेंबरातच आटला. गावातल्या मोठ्या विहिरीला अजून पाणी होतं. पण धर्म बदलला तरी त्या विहिरीवरची रीत बदललेली नव्हती. बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्याला 45 वर्षं झाली होती, कायदाही झाला होता. तरी या माळावर वाड्याच्या बायका विहिरीपासून दहा पावलं लांब, उन्हात उभ्या राहत. गावातली कोणी बाई आपलं पाणी शेंदून झालं आणि मनात आलं तर पोहरा घेऊन येई आणि वरून धार धरी. हंडा खाली धरायचा. हंड्याला पोहरा लागता कामा नये. धार इकडेतिकडे गेली तर गेलेलं पाणी गेलं.

म्हातारी सात वर्षांची असताना आईने तिला पहिल्यांदा तिथे नेलं होतं आणि वाटेत चार गोष्टी शिकवल्या होत्या. मान खाली घालायची. आवाज बारीक ठेवायचा. भांडं एकच न्यायचं, दोन नेली तर वाढणारीच्या कपाळाला आठी पडते. आणि नाही मिळालं तर तोंडातून शब्द न काढता परत यायचं. म्हातारीने त्या चार गोष्टी साठ वर्षं पाळल्या होत्या.

पुढच्या जानेवारीतल्या एका रविवारी पाळकांनी अलीशा संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. पाळक तरुण होते. सहा गावांच्या मंडळ्या सांभाळायच्या, म्हणून सायकलवर फिरत असत. गोष्ट अशी की एका विधवेच्या डोक्यावर कर्ज होतं आणि सावकार तिची दोन मुलं गुलाम म्हणून न्यायला आला होता. घरात तेलाच्या एका बुधलीशिवाय काही नव्हतं. अलीशाने तिला सांगितलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी उसनी आण, आणि आणताना हात आखडू नकोस. तिने दार लावून घेतलं आणि बुधली कलती केली. मुलगे भांडी पुढे करत राहिले, ती ओतत राहिली. शेवटी ती म्हणाली, आण आणखी एक. मुलगा म्हणाला, आता भांडंच उरलं नाही. तेव्हा तेल थांबलं.

उपासना संपली. लोक सलाम करून घरोघर गेले. म्हातारी मात्र केरसुणी हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

"पाळकसाहेब, एक इचारू?"

"विचारा की, आजी."

"त्या बाईनं आनखी भांडी आनली असती तर?"

पाळक सायकलच्या कॅरिअरला पिशवी बांधत होते. ते थांबले. त्यांनी हा विचार केला नव्हता. "तर तेल वाहतच राहिलं असतं, आजी," ते म्हणाले. "तेल संपलं असं शास्त्रात नाहीच. भांडी संपली."

त्या रात्री म्हातारीला झोप लागली नाही. चुलीशेजारी तिचा हंडा पालथा घातलेला होता. पितळेचा, लग्नात आलेला, एका बाजूला पोचा पडलेला. ती त्याच्याकडे बघत पडून राहिली. पहाटे उठून देऊळ झाडलं, वेदीपुढे गुडघे टेकले आणि रोजच्यासारखं बोलायला लागली. बापा, आजचा एक हंडा. आणि तिथे तिचा शब्द अडला. तिच्या ध्यानात आलं की आपली मान खाली आहे. आवाज बारीक आहे. भांडं एकच मागतोय. आणि नाही मिळालं तर उठून निघून जाणार आहोत. आईने विहिरीच्या वाटेवर शिकवलेलं सगळं तिने देवाच्या दारातही आणलं होतं. साठ वर्षं ती बापासमोर दहा पावलं लांब उभी होती.

त्या सकाळी तिची प्रार्थना अर्धीच राहिली.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा होती. कंदिलाच्या उजेडात वीसेक माणसं चटईवर बसली होती, सगळ्यांच्या हातांना खडीचे फोड. पाळकांनी पाण्यासाठी प्रार्थना केली. शब्द फार नेमके होते. हे दयाळू पित्या, तुझी इच्छा असेल तर, आणि तुझ्या गौरवासाठी योग्य वाटेल तर, आणि आम्ही पात्र नसलो तरी, आमच्या गरजेकडे कृपादृष्टीने पाहा. सगळे आमेन म्हणाले.

मग म्हातारी उठून उभी राहिली. प्रार्थनेला ती कधी उभी राहत नसे. तिने मान वर केली.

"बापा," ती म्हणाली, "आम्हांला पानी पायजे. हितं, वाड्यात. एक हंडा न्हाई. सगळ्यांला पुरंल, गुरांला पुरंल आनि कुनी मागाया आलं तर त्याला देता येईल येवढं दे. आमच्या पोरींनी कुनाच्या म्होरं मान खाली घालू न्हाई, इतकं दे. आमेन."

आमेन म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही. लहान पोरं आईकडे बघायला लागली.

मंडळीचे एक पंच होते, भले गृहस्थ. ते हळूच म्हणाले, "बाई, देवाला असं बजावून सांगू नये. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असं म्हणावं. खुद्द प्रभूसुद्धा गेथशेमाने बागेत तसंच म्हणाला."

"म्हनला की," म्हातारी म्हणाली. "पर आधी काय म्हनला? हा प्याला माझ्यापासनं काढ, आसं म्हनला. घाम रगतासारखा गळंस्तवर म्हनला. आधी मनातलं सगळं मागितलं आनि मंग बापाच्या हवाली केलं. आपुन मागायच्या आधीच हवाली करून मोकळं होतो. म्हंजी न्हाई मिळालं तरी आपलं काही जात न्हाई."

पंच गप्प झाले. पाळक खाली बघत होते. ते शेवटचं वाक्य आपल्यालाच लागलं आहे, हे त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पाळक पत्र लिहायला बसले. त्या काळात जालना आणि सोलापूरकडे मिशनच्या लोकांनी बोअर मारण्याचं आणि हातपंप बसवण्याचं काम चालवलं होतं, हे त्यांच्या कानावर होतं. लिहून झाल्यावर त्यांनी म्हातारीला बोलावलं, कारण हा विषय तिनेच काढला होता, आणि पत्र वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या वाड्यातला आड आटला आहे, त्यातला गाळ काढण्यासाठी एक जाड दोर, दोन टोपल्या आणि शक्य असल्यास थोडी मदत मिळाली तर आम्ही आभारी राहू.

म्हातारीने ऐकून घेतलं. "साहेब, आडात पानीच न्हाई. गाळ काढून खाली काय मिळंल?"

"काही नाही मिळणार," पाळक म्हणाले.

"मंग दोर का मागितला?"

पाळकांना पटकन उत्तर देता आलं नाही. मग ते खरं ते बोलले. "दोर मागितला तर देतील, आजी. मशीन मागितलं तर नाही म्हणतील."

"ते न्हाई म्हनतील, आपुन कशाला म्हनायचं?"

पाळकांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. या पत्रात त्यांनी सरळ बोअर मागितली, हातपंप मागितला आणि खाली तीस घरांची सगळी माणसं मोजून आकडा लिहिला. म्हातारी म्हणाली, गुरंबी लिहा. त्यांनी गुरंही लिहिली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मशीनची मागणी फार आहे, गावांची यादी लांब आहे. तरी तुमच्या भागात काम निघेल तेव्हा दोन दिवस देऊ. मात्र मशीनचा ट्रक वाड्यापर्यंत पोचेल असा रस्ता हवा.

रस्ता नव्हता. बैलगाडी जेमतेम जाईल अशी वाट होती, मध्ये एक ओढा आणि ओढ्यात माणसाएवढे धोंडे. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं रात्री पुन्हा पहारी घेऊन निघू लागली. चांदणं होतं तोवर चांदण्यात, नंतर कंदील घेऊन. पुरुष धोंडे उलथवत, बायका मुरूम टोपल्यांनी वाहत. पंचांना दम्याचा त्रास होता. ते ओढ्याच्या काठावर बसून पहारींना धार लावून देत. म्हातारी लहान दगड वेचून ओटीत भरून आणायची. पाळकांच्या तळहातांना पहिल्यांदाच फोड आले. अठरा रात्रींत रस्ता झाला. म्हातारीने पाणी मागितलं होतं, आणि पहिल्यांदा काय मिळालं तर हे काम. मला या गोष्टीतला हा भाग फार मोलाचा वाटतो. तिने रोजचा एक हंडाच मागितला असता तर तो रस्ता कोणी केला नसता, आणि दीड महिना ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं ती दोन घरं एकाच धोंड्याला खांदा लावायला आली नसती.

मार्चमध्ये मशीन आलं. दोन ट्रक होते, एकावर उंच मनोरा, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. पोरं त्यांच्यामागे धुळीत पळत आली. मशीनचा मिस्त्री कमी बोलणारा माणूस होता. त्याने वाड्याच्या मधोमध जागा धरली आणि काम सुरू केलं. असा आवाज त्या माळावर कोणी ऐकला नव्हता. हवेच्या दाबाने हातोडा खाली खडकावर आपटत होता आणि भोकातून भुकटी उसळून वर येत होती. आधी पिवळसर मुरूम आला. मग मांजऱ्या खडकाची करडी भुकटी. मग काळा पाषाण लागला. त्याची भुकटी मात्र पांढुरकी, पिठासारखी. दुपारपर्यंत ती सगळ्यांच्या डोक्यांवर, भुवयांवर, पापण्यांवर बसली. लोक हंडे घेऊन गोल करून उभे होते.

शंभर फूट झाले. दीडशे झाले. दोनशे फुटांवर मिस्त्रीने हात वर करून मशीन थांबवलं. अचानक सगळीकडे शांत झालं. त्याने भोकाच्या तोंडाशी वाकून मूठभर भुकटी उचलली आणि बोटांमधून सोडली. ती वाऱ्यावर उडाली.

"कोरडी," तो म्हणाला.

बायकांनी हंडे उचलले. एकीच्या हंड्यात वाऱ्याने आलेली धूळ होती; ती तिने उपडी केली. कोणी रडलं नाही, कोणी काही बोललं नाही. नाही मिळालं तर शब्द न काढता परत जायचं, हे त्या सगळ्यांनाच शिकवलेलं होतं.

मिस्त्री पाळकांना म्हणाला की दुसरी जागा धरायला वेळ नाही, सकाळी पुढच्या गावाला निघायचं आहे.

रात्री पाळकांना झोप येईना म्हणून ते देवळाकडे गेले. दार उघडं होतं. आत अंधार होता आणि म्हातारीचा आवाज येत होता. ते पायरीवरच थांबले.

"बापा, मी परत आले. सकाळच्यान आमी पानी मागतोय आनि तू धूळ दिलीस. धुळीसाठी आमी रस्ता न्हाई केला." ती थोडा वेळ थांबली. "तुज्याच लेकानं सांगितलंय, मध्यरातीला शेजाऱ्याचं दार वाजवायचं, तो उठून भाकरी देईस्तवर वाजवायचं, लाज धरायची न्हाई. तर मी हितं बसले. मला एक सांग. तू आमचा बाप हाईस, का गावच्या हिरीवरची वाढणारीन? वाढणारीन आसशील तर तसं सांग. मला ती रीत ठावं हाय, मी मान खाली घालून जाते. आनि बाप आसशील तर ऊठ."

पाळकांच्या अंगावर काटा आला. असं बोलावं का, हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांना याकोब आठवला, यब्बोकच्या काठी रात्रभर झुंजलेला, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडत नाही म्हणणारा. आणि सदोमासाठी पन्नासांपासून दहांपर्यंत देवाशी घासाघीस करणारा अब्राहाम. त्यांच्यापैकी कोणालाच देवाने उद्धट म्हटलं नव्हतं. पाळक पायरीवरच गुडघ्यांवर आले. आत म्हातारी मागत राहिली. एकेका घराचं नाव घेऊन मागितलं, गावातल्या घरांचीही नावं घेतली. लेकाचं नाव घेतलं. तांबडं फुटायच्या सुमारास तिचा आवाज अगदी खाली आला, आणि मगच ती म्हणाली, "आता तुज्या मनासारखं कर."

सकाळी मिस्त्री निघायच्या तयारीत होता, तेव्हा ट्रकच्या पाट्याचा एक पत्ता तुटलेला दिसला. नवा आणायला माणूस एसटीने तालुक्याला गेला. तो दुपारआधी येणार नव्हता. मिस्त्री चहा पीत ओढ्याकडे चालत गेला. दोन बाजूंचे उतार जिथे ओढ्याला मिळत होते तिथे थोडा वेळ उभा राहिला, पायाने माती उकरली, परत आला आणि म्हणाला, "रिकामंच बसायचं तर आणखी एक भोक पाडून बघू."

मनोऱ्याचा ट्रक हळूहळू तिथवर नेला. या वेळी बघायला गर्दी नव्हती. म्हातारी होती, पाळक होते, चार पोरं होती. मुरूम आला. काळा पाषाण आला. नव्वद फुटांच्या सुमारास भुकटीचा रंग बदलला आणि विटेसारखी लाल गेरू माती वर आली. मिस्त्री पुढे सरकला. थोड्या वेळाने भुकटी उडायची थांबली. भोकाच्या तोंडाशी तिचे ओले गोळे व्हायला लागले. त्याने एक गोळा उचलून दाबला. बोटांमधून गढूळ थेंब गळला. तो काही बोलला नाही, मशीन तसंच चालू ठेवलं. एकशे तीस फुटांवर खालून घुमल्यासारखा आवाज आला आणि चिखलाचा लोट मनोऱ्याच्या निम्म्या उंचीपर्यंत उसळला. मग तो पातळ झाला. मग त्याचं पाणी झालं.

एक पोरगं ओरडत देवळाकडे पळालं आणि रुळाचा तुकडा बडवायला लागलं.

वाड्यातून भांडी निघाली. हंडे, कळश्या, घागरी, मडकी, तेलाचे डबे, पराती, लग्नातली पातेली. पंच पाळण्याएवढं कढईसारखं भांडं डोक्यावर घेऊन आले. पाळकांनी आपली दाढीच्या पाण्याची वाटीसुद्धा आणली. पाणी अजून मातकट होतं, पण भांडी भरत होती आणि कोणीतरी मागून ओरडत होतं, आणखी आणा, आणखी आणा. म्हातारी पाण्यात उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. तिचा पोचा पडलेला हंडा कुठे गेला होता, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"दोन इंच पाणी आहे," मिस्त्री पाळकांना म्हणाला. "पाषाणाच्या दोन थरांमधली भेग लागली. काल तीनशे पावलांनी चुकलो." तो खरंच सांगत होता. पाटा तुटला नसता तर तो त्या वेळी पुढच्या गावाच्या वाटेवर असता, हेही खरं होतं.

आठ दिवसांनी हातपंप बसला. पंप सोलापूरकडच्या बनावटीचा, पोलादी. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप दोन-तीन महिन्यांत मोडत, कारण ते एका घराच्या वापरापुरते केलेले असत आणि इथे अख्खा गाव दांडा मारायचा. सगळ्या गावाला पुरेल असा पंप हवा म्हणून लोकांनी खटपट करून हा नवा घडवला होता. पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू याच सोलापुरी पंपावरून तयार झाला.

एके संध्याकाळी पंपाच्या कट्ट्यावर बसून पाळकांनी म्हातारीला विचारलं, "आजी, आता देवाकडे काय मागता?"

"लेकाचं मागते," ती म्हणाली. "तो घरी यावा म्हनून. ते अजून दिलं न्हाई."

"वाईट वाटत नाही?"

"वाटतं की. तसंबी त्याला सांगते." तिने पदराने डोळे टिपले. "पर आता मान वर करून सांगते. जवळ बसून सांगते."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि पुष्कळ वेळा सांगितली आहे. मोठं मागितलं की मोठं मिळतंच, असं काही जण हल्ली प्रार्थनेबद्दल सांगतात. ते खरं नाही; म्हातारीचा लेक आलाच नाही. पण आपण फार लहान मागतो आणि त्याला नम्रता म्हणतो, तेही खरं नाही. पुष्कळदा ती जुनी भीती असते, माणसांच्या दारात शिकलेली. शास्त्रातल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या 4 थ्या अध्यायात नावांची लांबच लांब यादी आहे. अमक्याचा मुलगा तमका, असं चाललेलं असताना ती यादी एका माणसापाशी थांबते. याबेस त्याचं नाव. आईला वेदना झाल्या म्हणून तिने हे नाव ठेवलं, म्हणजे दुःख त्याला जन्मापासूनच चिकटलं होतं. त्याने देवाकडे उघडपणे आशीर्वाद मागितला, आपल्या सीमा वाढव म्हणाला, आणि देवाने ते दिलं. त्याच्याबद्दल यापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. तो शूर होता की श्रीमंत, ठाऊक नाही. त्याने मागितलं, एवढंच राहिलं. याबेसच्या सीमा वाढल्या त्या कोणाला आत घेण्यासाठी, असं मला म्हातारीच्या गोष्टीवरून नेहमी वाटतं.

कारण 1973 च्या मे महिन्यात राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्याच महिन्यात गावातली मोठी विहीर आटली. दोन दिवस गावाने वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आधी गावातली एक बाई नव्या रस्त्याने ओढा ओलांडून आली. बरोबर तिची लहान मुलगी होती. दोघींच्या हातांत मिळून एकच कळशी होती. पंपापासून दहाएक पावलांवर त्या थांबल्या. बाई मान खाली घालून उभी राहिली. तिला मागायचं कसं, हेच ठाऊक नव्हतं.

म्हातारी कट्ट्यावर आपला हंडा भरत होती. तिने त्या बाईला ओळखलं. साठ वर्षांत तिच्या सासूने, आणि पुढे तिने, कितीतरी वेळा वरून धार धरली होती. कितीतरी वेळा धरली नव्हती.

म्हातारीने हंडा बाजूला केला आणि दांडा सोडला.

"लांब का गं उभी?" ती म्हणाली. "हितं जवळ ये. दांडा तूच धर. आनि पोरीला घरी धाड, म्हनावं आनखी भांडी घेऊन ये."